बंडखोर फोन आणि काकूंची वही

2025चा ऑगस्ट संपत आला होता. गणपती तोंडावर होते. भटजींना वेळ विचारायची होती, मोदकांची ऑर्डर पक्की करायची होती, कोकणात निघालेली मंडळी माणगावच्या कोंडीत अडकली की सुटली, हे विचारायचं होतं. अशा ऐन घाईत देशभरातल्या असंख्य लोकांना एक अगदी साधी गोष्ट जमेनाशी झाली. आलेला फोन उचलता येईना.

फोन वाजत होता. नाव दिसत होतं. सवयीनं बोट वर सरकत होतं आणि काहीच होत नव्हतं. कारण आता बोट वर नव्हे, आडवं सरकवायचं होतं. फोन ठेवायचं लाल बटण लठ्ठ झालं होतं. ‘फेव्हरिट्स’ आणि ‘रिसेंट्स’ हे दोन बिऱ्हाडकरू इतकी वर्षं शेजारी सुखानं नांदत होते, त्यांच्यातली भिंत पाडून ‘होम’ नावाचं एकत्र कुटुंब थाटलं होतं. सगळ्या नातेवाइकांची नावं वरच्या कोपऱ्यातल्या मेनूमागे माळ्यावर टाकली होती. पूर्वी एकाच माणसाचे लागोपाठ आलेले मिस्ड कॉल एका ओळीत, कंसात आकडा घालून, सभ्यपणे उभे असत. आता प्रत्येक कॉलला स्वतंत्र ओळ मिळाली. त्यामुळे सासूबाईंनी पाच वेळा फोन केला होता, हे एकदा नव्हे, पाचदा कळू लागलं.

गंमत म्हणजे बहुतेकांनी त्या दिवशी कशालाच हात लावला नव्हता. ‘अपडेट करू का?’ असंही कुणी विचारलं नव्हतं. रात्री झोपताना फोन एक होता, सकाळी दुसरा. काहींना वाटलं, फोन हॅक झाला. काहींनी थेट घरातल्या शाळकरी पोराला धरलं, कारण भारतीय कुटुंबात फोनचं काहीही बिघडलं तरी पहिला संशयित तोच असतो. खरा प्रकार एवढाच होता की गूगलनं आपल्या फोन ॲपला नवं रूप दिलं होतं, आणि भारतातल्या कितीतरी कंपन्यांच्या फोनमध्ये बोलण्यासाठी तेच ॲप असतं. दोन दिवसांत एक तोडगा आरतीच्या पुस्तिकेसारखा घरोघर पोचला: सेटिंगमध्ये जा, ॲप्समध्ये जा, फोनवर दाबा, वरचे तीन ठिपके दाबा, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ज्यांनी आयुष्यात कधी सेटिंगचा उंबरा ओलांडला नव्हता, ते लोक धडाधड प्रगती रद्द करत सुटले.

हे नवं रूप काही कुणी जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं काढलेलं नव्हतं. त्यामागची रचनाशैली गूगलनं मे 2025मध्ये जाहीर केली, तेव्हा तिच्यामागचा अभ्यासही सांगितला होता: 46 संशोधनं आणि 18,000हून अधिक माणसं. त्या अभ्यासातले काही निष्कर्ष खरोखर कामाचे आहेत. हवं ते बटण लोकांना पूर्वीपेक्षा किती तरी लवकर सापडतं, असं त्यात म्हटलंय. पण त्याच यादीत आणखी एक निष्कर्ष आहे. नव्या शैलीमुळे आधुनिकता 34 टक्क्यांनी वाढली आणि बंडखोरपणा 30 टक्क्यांनी.

बंडखोरपणा! मी हे वाचून बराच वेळ स्वस्थ बसलो. महाराष्ट्राला बंडांची टंचाई नाही. आम्ही ती साहित्यात केली, समाजात केली, आणि राजकारणात तर आता ती ऋतुमानाप्रमाणे येतात. पण फोननं बंडखोर असावं, ही मागणी कुणी केली? दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ एवढंच सांगायचं असताना यंत्राकडून माणसाची अपेक्षा आज्ञाधारकपणाची असते. बंड करायला घरात माणसं आहेत.

आमच्या इमारतीत एक काकू आहेत. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. फोनवर पैसे पाठवणं, विजेचं बिल भरणं, परदेशातल्या मुलीला व्हिडिओ कॉल करणं हे सगळं त्या उतारवयात शिकल्या, आणि शिकल्या त्या वहीत लिहून. दोनशे पानी, पुठ्ठ्याची वही. त्यात प्रत्येक कामाला एक पान. ‘मुलीला फोन: हिरव्या गोलावर टिचकी. खाली चार चित्रं येतील. उजवीकडचं सगळ्यात शेवटचं. तिचा फोटो (लाल साडी). वर कॅमेऱ्याचं चित्र. थांबणे. पुन्हा दाबू नये.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. त्या दोन रेघांमागे काय काय घडलं असेल, याची कल्पना ज्यांनी घरातल्या ज्येष्ठांना फोन शिकवलाय त्यांना येईल.

ही वही नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. काकूंना फोन ‘समजलेला’ नाही. त्यांना फोनमधले पत्ते पाठ झालेत. डावीकडून दुसरं, खालून तिसरं, कोपऱ्यातलं. चित्रावर काय काढलंय याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नाही. ते कुठे आहे, याला आहे. आणि मनाशी प्रामाणिक राहून सांगा, आपण तरी यापेक्षा काय वेगळं करतो? एटीएमचा आकडा अचानक तोंडी विचारला तर कित्येक जण अडखळतात, मग हवेत बोटं नाचवून पाहतात. आकडा डोक्यात नसतोच, बोटांत असतो. फोनवरची शंभर कामं आपण अशीच, न बघता, न विचार करता, बोलता बोलता उरकतो. ती बोटांची विद्या आहे. ती कुणी शिकवत नाही, हजार वेळा चुकून मगच ती येते, आणि एकदा आली की तिचा आपल्याला पत्ताच लागत नाही.

रूप बदलणाऱ्यांना नेमकं हेच दिसत नाही. ते पडद्याकडे चित्र म्हणून पाहतात. चित्र जुनं होतं, रंग शिळे होतात, कंटाळा येतो, हे खरंच आहे. पण वापरणारा पडद्याकडे पाहतच नसतो. तो पडद्याच्या पलीकडच्या माणसाकडे पाहत असतो. त्याला बटणाचा कंटाळा यायला आधी बटण दिसायला तर हवं! ते त्याला दिसतं एकदाच: ज्या दिवशी ते जागेवर नसतं त्या दिवशी.

या छळाला मोठी परंपरा आहे. 2013 सालापर्यंत आयफोनमधलं टिपणवहीचं ॲप पिवळ्या रेघांच्या कागदाचं होतं आणि त्याच्या माथ्यावर चामड्याची पट्टी शिवलेली दिसे. पुस्तकं लाकडी फडताळावर मांडलेली असत. खेळांच्या ॲपला पत्त्यांच्या टेबलावर असतं तसं हिरवं कापड होतं. आज ते पाहिलं तर नाटकातल्या नेपथ्यासारखं वाटतं, पण ज्यानं कधी संगणक हाताळला नव्हता त्याला त्या चामड्यानं आणि लाकडानं धीर दिला होता. ही वही आहे, इथे लिहायचं, हे सांगावं लागत नव्हतं. मग ॲपलचे डिझायनर जॉनी आइव यांच्या देखरेखीखाली आयओएस 7 आलं आणि ते सगळं नेपथ्य एका रात्रीत उतरवलं गेलं. सादरीकरणाच्या मंचावर ॲपलच्याच क्रेग फेडरीगी यांनी, आमच्याकडचं हिरवं कापड संपलं, अशा अर्थाचा विनोदही केला. सभागृह हसलं.

सप्टेंबर 2013मध्ये ते लोकांच्या हाती पडलं, तेव्हा हसणारे कमी होते. अक्षरं इतकी बारीक की चाळिशी लावूनही ती उपाशी दिसावीत. बटणांभोवतीची चौकट गेली, त्यामुळे कुठलं अक्षर वाचायचं आणि कुठलं दाबायचं, याचा निवाडा ज्याचा त्यानं करायचा. ॲप उघडताना पडदा असा झेपावत अंगावर येई की काही लोकांना चक्क मळमळू लागलं. घाटात गाडी लागणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. फोन लागणारी माणसं तेव्हा प्रथमच पाहायला मिळाली. महिन्याभरानं, ऑक्टोबरमध्ये, ॲपलनं ते झेपावणं कमी करण्याची सोय दिली. पुढच्या मार्चमध्ये बटणांना आकार दाखवण्याचीही सोय आली. म्हणजे आधी बटण काढलं, मग मागितल्यास ‘बटण दिसेल असं बटण’ दिलं.

आयओएस 7च्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं विंडोज 8मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. 1995पासून ते डाव्या कोपऱ्यात बसून होतं. सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत ज्यांनी ज्यांनी संगणक शिकला, त्यांचा पहिला धडा तोच: खाली डावीकडे जा. संगणक बंद करायलाही ‘स्टार्ट’ दाबायचं, हे तर्काला न पटणारं होतं, पण जगानं ते मुकाट पाठ केलं. आणि जगाचं पाठ झालंय असं पाहून ते काढलं गेलं. वर्षभरानं, 8.1मध्ये, ते परत आलं.

2025 सालच्या सप्टेंबरमध्ये आयफोनची पाळी पुन्हा आली. आयओएस 26. आदलं 18 होतं. मधले आकडे कुठे गेले, तर आता येणाऱ्या सालाप्रमाणे नाव ठेवायचं ठरलंय. या वेळी सगळं काचेचं: ‘लिक्विड ग्लास’. बटणं काचेची, पट्ट्या काचेच्या, आणि काचेतून मागचं सगळं दिसतं. सुंदर आहे, यात वाद नाही. फक्त मागे नातवाचा चौकटीचा शर्ट असला की पुढची अक्षरं त्या चौकटींत हरवतात. वाचता येत नाही अशी ओरड सुरू झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 26.1 आलं आणि त्यात काच थोडी गढूळ करून घ्यायची सोय मिळाली. काच पारदर्शक करायला किती बुद्धी खर्च झाली असेल, आणि मग ती धुरकट करायला आणखी किती!

या सगळ्या कहाण्यांचा साचा एकच आहे. आधी काढायचं, मग ओरड, मग सेटिंगच्या सातव्या पायरीखाली एक छोटा स्विच. त्या स्विचला कुणी माफी म्हणत नाही, पण ती माफीच असते. त्यातले बरेच स्विच कुठे सापडतात, तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात. ज्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं, ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी हा विभाग आहे, आणि तो आहे ही फार मोठी गोष्ट आहे. पण ‘अक्षर जरा ठळक हवं’, ‘बटण बटणासारखं दिसावं’, ‘पडद्यानं अंगावर येऊ नये’ एवढ्याशा मागण्या घेऊन धडधाकट माणसंही त्या दारात रांग लावून उभी राहतात, तेव्हा प्रश्न रांगेतल्यांचा नसतो. दार पुढच्या बाजूला का नाही, हा असतो.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळेच बदल काही हौसेचे नसतात. 2007चा पहिला आयफोन साडेतीन इंचांचा होता. आजचे फोन सहा इंचांच्या पुढे गेलेत आणि आपला अंगठा मात्र होता तेवढाच आहे. तेव्हा वरची बटणं खाली आणावीच लागतात. 2021मध्ये सफारीतली पत्त्याची पट्टी वरून खाली आली, तेव्हा लोक चिडले. पण कारण खरं होतं, आणि ज्यांना नको त्यांना ती परत वर नेण्याची मुभाही दिली होती. फोन उचलायला बोट आडवं का सरकवायचं, यालाही कारण आहे: खिशातून फोन काढता काढता चुकून तो उचलला जातो, ते टळावं. लोकलच्या गर्दीत ज्यानं नकळत साहेबाचा फोन उचलून शेजाऱ्याशी चाललेलं साहेबाविषयीचं बोलणं त्याला ऐकवलंय, तो या बदलाला मनोमन आशीर्वाद देईल.

पण खरी गोम अशी आहे की फोन म्हणजे आता एक काळी पाटी उरली आहे. या वर्षीची पाटी आणि गेल्या वर्षीची पाटी शेजारी ठेवली तर विकणाऱ्यालाही फरक सांगताना घाम फुटतो. मग नवेपणा दाखवायचा कुठे? पाटीवरच्या चित्रात. शिवाय जगभरात हजारो हुशार माणसं पडद्याचं रूप ठरवण्यासाठी पगार घेतात. ‘यंदा काय केलंत?’ या प्रश्नाला ‘काही केलं नाही, चांगलं चाललं होतं’ असं उत्तर देऊन कुणाची पगारवाढ झाल्याचं मी ऐकलेलं नाही. चालतं ते न बिघडवणं हे मोठं काम आहे, पण ते कामाच्या अहवालात मावत नाही.

आणि तरीही काही जागांना हात लावायची छाती कुणाची होत नाही. फोनवरचे आकडे बघा. एक-दोन-तीन वर, शून्य तळाशी. कॅल्क्युलेटरवर नेमकं उलटं, सात-आठ-नऊ वर. बेल लॅब्जच्या मंडळींनी बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून दाबून घेतल्या, आणि 1963 साली बटणांचा फोन बाजारात आला तो ही मांडणी घेऊन. त्यानंतर तारा गेल्या, बटणं गेली, फोनच काचेचा झाला, पण ‘एक’ डाव्या कोपऱ्यातून हलला नाही. ज्यांनी बंडखोरपणा 30 टक्क्यांनी वाढवला, त्यांनीही तिथे बंड केलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मराठी टंकलेखनाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांमध्ये रेमिंग्टनच्या यंत्रांची खडखड ज्यांनी ऐकली, त्यांच्या बोटांत ती मांडणी कायमची बसली. पुढे संगणक आले, भारतीय भाषांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची सरकारमान्य आणि शास्त्रशुद्ध मांडणीही आली. तरी संगणकावर मराठी टाईप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेमिंग्टन’ हा पर्याय ठेवावाच लागला. यंत्रं भंगारात गेली, रिबिनी वाळल्या, पण त्या यंत्रांनी घडवलेली बोटं कामावर हजर होती. नव्या मांडणीला जागा मिळाली आणि जुनी काढून घेतली नाही. कचेरीतल्या टंकलेखकाला जो मान मिळाला, तो खिशात फोन घेऊन फिरणाऱ्याला मिळत नाही. फरक फक्त एवढा की टंकलेखक अडून बसला असता तर साहेबाचं पत्र अडलं असतं. काकूंचं अडलं तर काकूंचंच अडतं.

काकूंच्या फोनच्या कंपनीनं एकदा असंच सगळं घर हलवलं. (कंपनीचं नाव घेत नाही. काकूंनी पुष्कळ वेळा घेतलं.) मी संध्याकाळी वर गेलो तेव्हा त्या वही उघडी टाकून बसल्या होत्या. “अरे, हे बघ रे जरा. उजवीकडचं सगळ्यात शेवटचं आता डावीकडचं पहिलं झालंय. आणि हिला लाल साडीचा फोटो काढायला कुणी सांगितलं होतं?” मुलीनं फोटो बदलला होता. तो दोष तरी कंपनीचा नव्हता. मी नेहमीचं सांत्वन केलं, “होईल सवय, काकू.” त्यावर त्यांनी शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. “सवय होईल रे. सवय झाल्यावरच तर हे लोक बदलतात.”

इतक्या लेखांतून, इतक्या ओरडीतून मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. शिकण्याची तक्रार त्यांनी कधीच केली नाही. सत्तरीत फोन शिकलेल्या बाईला शिकण्याची भीती कसली? त्यांचा आक्षेप आहे तो शिकलेलं परस्पर रद्द करण्याला. वहीतलं एक एक पान त्यांनी कमावलेलं आहे, आणि ते खोडायचं कुणी दुसऱ्यानंच, न विचारता, रात्री दोन वाजता ठरवतो. बदल करा, पण दार वाजवा. महिनाभर जुनं आणि नवं शेजारी ठेवा. आणि ज्याला जुनंच हवंय त्याला, जुन्याकडे परतायचं बटण शोधायला दुसऱ्याचं पोर बोलवावं लागू नये. फार काही मागणं नाही हे.

कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील, काकू थांबलेल्या नाहीत. पूर्वी फोनच्या खोक्यात माहितीची जाडजूड पुस्तिका यायची. आता चार ओळींचा कागद येतो. ती उणीव आमच्या इमारतीत भरून निघाली आहे. काकूंनी वही नव्यानं लिहून काढली, अक्षर टपोरं, प्रत्येक पानाच्या माथ्यावर महिना आणि साल, आणि खाली सूचना: ‘पुढील बदल होईपर्यंत लागू.’ पंचांगासारखी दर वर्षी नवी आवृत्ती काढायचा त्यांचा बेत आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तिची झेरॉक्स नेली, मग दुसऱ्या मजल्यानं, मग समोरच्या इमारतीनं. परवा त्यांच्या दाराशी एक तरुण मुलगा उभा होता, कानात ते बिनवायरचं यंत्र, हातात सगळ्यात महागडा फोन. मला वाटलं, आजीसाठी वही न्यायला आला असेल.

“माझ्यासाठीच पाहिजे, काकू,” तो म्हणाला. “गजर कुठून बंद करायचा, ते पान आहे का?”

काकूंनी चष्मा लावला आणि पान उलटलं. “आहे ना. पण कालचं अपडेट घेतलंयस का, ते आधी सांग.”